ओसेज ऑरेंज : बांधावरचे झाड, त्याचे फळ आणि लाकूडकाम

कॅन्ससकर

नमस्कार मंडळी,

पूर्व कॅन्ससमध्ये आमच्या घरालगतच्या शेताच्या बांधावर ओसेज ऑरेंज या झाडांची जुनी, दाट रांग आहे. शेतमालकाला दोन शेते एकत्र करायची असल्याने त्याने या हिवाळ्यात रांगेचा काही भाग काढला आणि त्यातले हवे तेवढे ओंडके मला नेण्यास सांगितले. उरलेले सरपणात जातील. ओंडका कापल्यावर आतला लख्ख पिवळा गाभा पाहिला आणि हे लाकूड शेगडीत जाऊ देणे मनाला पटेना, म्हणून हा धागा काढत आहे. हाताने लाकूडकाम करण्याची मला आवड आहे. रंधा, पटाशी आणि करवत चालवता येते, परंतु आजवर काम केले ते अक्रोड, ओक आणि मेपल यांवरच.

येथील शेतकऱ्यांकडून आणि वाचनातून जे कळले ते आधी मांडतो. काटेरी तार येण्यापूर्वी प्रेअरीच्या गवताळ प्रदेशात कुंपण कशाचे घालावे हा शेतकऱ्यांपुढचा मोठा प्रश्न होता, कारण कुंपणाला पुरेल इतके लाकूड तेथे नव्हते आणि दगडही सर्वत्र मिळत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इलिनॉयमधील प्राध्यापक जोनाथन बाल्डविन टर्नर यांनी या कामासाठी ओसेज ऑरेंजचा हिरिरीने पुरस्कार केला. रोपे जवळजवळ लावायची, वाढू लागली की छाटायची आणि नव्या काटेरी फांद्या एकमेकींत गुंतवायच्या, अशी रीत होती. चार-पाच वर्षांत त्यातून असे कुंपण उभे राही की घोड्याला ओलांडता येऊ नये, बैलाला मोडता येऊ नये आणि डुकराला त्यातून शिरता येऊ नये. एकट्या कॅन्ससमध्ये १८६५ ते १९३९ या काळात सुमारे ३९,४०० मैल लांबीची अशी कुंपणे लावली गेली. १८७४ मध्ये इलिनॉयच्याच डीकाल्ब गावातील जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचे पेटंट मिळाले आणि जिवंत कुंपणाची गरज ओसरत गेली. मात्र तारेला खांब लागतातच, आणि ते खांब शेतकऱ्यांनी याच झाडांतून काढले. आमच्या भागात या लाकडाचे जुने खांब अजूनही जमिनीत घट्ट उभे आहेत. त्यांवरची तार गंजून गेली तरी खांब कुजलेले नाहीत.

माझ्यापुढचे प्रश्न असे आहेत. ओंडके पाचर घालून फोडावेत की गिरणीत नेऊन फळ्या काढाव्यात? हे लाकूड वाळताना फार तडकते असे ऐकतो, त्यावर उपाय काय? हा पिवळा रंग टिकतो का? आणि ज्या झाडाला इतकी मोठी फळे लागतात त्याचे फळ कोणीच का खात नाही, हेही जाणकारांनी सांगावे.

वनविद्या

कॅन्ससकर, फळाविषयीच्या आपल्या प्रश्नापासून आरंभ करतो, कारण या झाडाच्या स्वभावाचे बरेच मूळ तेथे आहे.

नावात ऑरेंज असले तरी संत्र्याशी याचे काहीही नाते नाही. हे तुती, वड, उंबर आणि फणस यांच्या कुळातले झाड आहे, आणि कोकणात फणस फोडलेल्या माणसाला ते कोणी न सांगता कळेल. पान तोडा, डहाळी मोडा किंवा फळाला चीर द्या, प्रत्येक वेळी पांढरा चिकट चीक बाहेर येतो. फळही फणसासारखेच संयुक्त आहे. स्त्री-पुष्पांच्या एका गोल गुच्छातील अनेक फुले एकत्र वाढून सुरकुतलेला, हिरवट पिवळा चेंडू तयार होतो. त्याचा व्यास साधारण आठ ते पंधरा सेंटिमीटर भरतो. नर आणि मादी झाडे वेगळी असतात, त्यामुळे आपल्या बांधावरच्या ज्या झाडांना कधीच फळ धरत नाही ती बहुधा नर आहेत. मादी झाड एकटे असले तरी फळे धरते, पण त्यांत रुजणारे बी नसते. तुतीशी नाते जवळचे असल्याने एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रेशीमकिड्यांना याची पाने खाऊ घालण्याचेही प्रयत्न झाले होते.

युरोपीय लोक आले तेव्हा या झाडाचे नैसर्गिक क्षेत्र फार लहान उरलेले होते. रेड नदीच्या खोऱ्यातील दक्षिण ओक्लाहोमा, उत्तर टेक्सस आणि नैर्ऋत्य आर्कान्सा एवढ्याच पट्ट्यात ते आढळे. आज ते अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत दिसते ते माणसाने लावल्यामुळे. परंतु हिमयुगांच्या मधल्या एका उबदार काळातले याचे अवशेष थेट कॅनडातील ऑन्टारियोत मिळाले आहेत, म्हणजे कधी काळी ते खूप दूरवर पसरलेले होते. मग ते आक्रसले का?

१९८२ मध्ये डॅनियल जॅन्झन आणि पॉल मार्टिन या दोन शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक विचार मांडला. अमेरिका खंडात साधारण तेरा हजार वर्षांपूर्वीपर्यंत हत्तीच्या कुळातले गोम्फोथेर, मॅस्टोडॉन, प्रचंड भूचर स्लॉथ आणि घोडे होते. काही वनस्पतींची मोठी, कठीण, जमिनीवर पडून राहणारी फळे अशाच प्राण्यांनी खाऊन त्यांचे बी दूरवर नेऊन टाकावे यासाठी घडलेली दिसतात. ते प्राणी नष्ट झाले आणि फळे मात्र पूर्वीसारखीच लागत राहिली. जॅन्झन आणि मार्टिन यांचा अभ्यास मध्य अमेरिकेतील झाडांविषयी होता. ओसेज ऑरेंजला तोच तर्क पुढे लावला गेला आणि आज या विचाराचे ते सर्वांत परिचित उदाहरण बनले आहे. हा तर्क निर्विवाद आहे असे मी म्हणणार नाही, कारण आजच्या हत्ती-घोड्यांवर केलेल्या प्रयोगांतून त्याला ठाम पुष्टी मिळालेली नाही. तरीही झाडाखाली फळांचा सडा पडून तो तेथेच सडतो आणि खारी तेवढ्या बियांसाठी फळे कुरतडतात, हे पाहिल्यावर या झाडाने आपला वाहक गमावला आहे असे मलाही वाटते. त्याची जागा पुढे माणसाने घेतली, आणि तीही फळासाठी नव्हे, लाकडासाठी आणि काट्यांसाठी.

शरदिनी

उत्तम धागा. मिसूरीमध्ये शरद ऋतूत शेतकरी बाजारात ही हिरवी फळे टोपल्यांत भरून विकायला ठेवलेली असतात, आणि कपाटात किंवा तळघरात ठेवली की कोळी, झुरळे येत नाहीत असे विकणारे आवर्जून सांगतात. त्यात कितपत तथ्य आहे? घरात लहान मुले आहेत, त्यामुळे हे फळ विषारी आहे का हेही वनविद्या यांनी कृपया सांगावे.

वनविद्या

शरदिनीताई, या समजुतीत तथ्याचा अंश आहे, पण तो कपाटातल्या फळापर्यंत पोहोचत नाही. आयोवा स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी फळाचा अर्क काढून तपासला तेव्हा तो झुरळांना दूर ठेवतो असे आढळले आणि त्यातील एलेमॉल नावाचे द्रव्य विशेष परिणामकारक ठरले. मात्र अर्क म्हणजे संहत केलेले द्रव्य. अखंड फळ कोपऱ्यात ठेवल्यास त्यातून बाहेर पडणारे प्रमाण फार थोडे असते. शिवाय काही आठवड्यांनी ते मऊ पडून सडते आणि त्याच्यावर चिलटे जमतात.

फळ विषारी मानले जात नाही, परंतु ते खाण्यासारखेही नाही. चव कडवट आणि चीक तोंडाला चिकटणारा. काहींच्या त्वचेला या चिकाने खाज सुटते, त्यामुळे मुलांना खेळायला देऊ नये. गुरांच्या बाबतीत खरा धोका विषाचा नसून घशाचा आहे. गाय अखंड फळ गिळू पाहते आणि ते अडकते. कुरणालगत मादी झाडे असल्यास शेतकरी म्हणूनच खाली पडलेली फळे उचलतात.

टंकार

कॅन्ससकर, आपण धागा वेळेवर काढलात. मी गेली बरीच वर्षे लाकडाच्या एकाच अखंड तुकड्यातून धनुष्ये घडवतो आहे आणि उत्तर अमेरिकेत त्यासाठी ओसेज ऑरेंजच्या तोडीचे दुसरे लाकूड नाही असे माझे स्पष्ट मत आहे. हे माझ्या एकट्याचे मत नव्हे. ओसेज, कोमांची, पॉनी, कायोवा आदी जमातींनी ते कितीतरी आधी जाणले होते आणि झाडाच्या मूळ प्रदेशापासून शेकडो मैल दूर या लाकडाचा व्यापार चाले. मार्च १८०४ मध्ये पश्चिमेकडच्या शोधमोहिमेचे प्रमुख मेरीवेदर लुइस यांनी सेंट लुइस येथील व्यापारी पिएर शूटो यांच्या बागेतल्या या झाडाची कलमे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांना पाठवली, तेव्हा सोबतच्या पत्रात मूळचे रहिवासी धनुष्यासाठी या लाकडाला किती मान देतात हेही कळवले होते. त्यानंतर काही वर्षांनी जॉन ब्रॅडबरी हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ मिसूरी नदीने वर गेले. या लाकडाच्या एका धनुष्याची अरिकारा लोकांतली किंमत एक घोडा आणि एक घोंगडी एवढी होती, असे त्यांनी नोंदवले आहे.

आता आपल्या ओंडक्यांविषयी. धनुष्यासाठी लाकूड फोडायचे असते, चिरायचे नसते. करवत सरळ जाते आणि लाकडाचे तंतू सरळ जात नाहीत. करवतीने जेथे तंतू कापले गेले तेथे पुढे धनुष्य मोडण्याची शक्यता राहते. म्हणून सरळ वाढलेला, गाठी कमी असलेला, साडेपाच ते सहा फुटांचा ओंडका निवडावा. सालीवरच्या भेगा खोडाभोवती पिळत गेलेल्या दिसल्या तर आतले तंतूही तसेच पिळलेले असतात, तो ओंडका बाजूला ठेवावा. चांगला ओंडका टोकाकडून लोखंडी पाचरी ठोकत आधी दोन भागांत आणि मग चार भागांत फोडावा. मध्ये अडकून राहिलेले तंतू कुऱ्हाडीने तोडावे लागतात, कारण हे लाकूड सहजासहजी सुटत नाही.

त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेणाचा किंवा लाकडी कामाच्या गोंदाचा जाड थर द्यावा. हे काम उद्यावर टाकू नये. टोकांतून पाणी सर्वांत वेगाने बाहेर पडते आणि तडे तेथूनच आत शिरतात. साल आणि तिच्या लगतचे पांढुरके कोवळे लाकूड ताबडतोब काढले तर उघड्या पडलेल्या गाभ्यालाही गोंदाचा किंवा लाखेच्या रोगणाचा थर द्यावा लागतो, नाहीतर पृष्ठभागावर तडे जातात. साल तशीच ठेवली तर तडे कमी जातात, पण तिच्याखाली लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांच्या अळ्या वाढतात. मी स्वतः साल आणि कोवळे लाकूड काढून थर देण्याच्या बाजूचा आहे. त्यानंतर सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवावे आणि घाई करू नये. वर्षभर तरी थांबावेच.

खरे काम त्यानंतर सुरू होते. धनुष्याची जी बाजू तिरंदाजाच्या विरुद्ध दिशेला असते तिला पाठ म्हणतात, आणि धनुष्य ओढले की ताण सगळा पाठीवर येतो. म्हणून पाठ हे पूर्ण लांबीभर एकच वार्षिक वलय असले पाहिजे. ओसेज ऑरेंजचे प्रत्येक वलय दोन थरांचे असते. वसंतात वाढलेला थर सच्छिद्र आणि ठिसूळ, त्यानंतर उन्हाळ्यात वाढलेला थर घट्ट आणि गुळगुळीत. दोन मुठींचा ओढता सुरा हाती धरून वरची वलये एकेक करून तासत जायचे आणि निवडलेल्या उन्हाळी थरावर थांबायचे. सच्छिद्र थरात पाते शिरले की कुरकुर असा आवाज येतो आणि हाताला खरखर जाणवते. घट्ट थर आला की पाते आवाज न करता सरकते. डोळ्यांपेक्षा कान आणि हात येथे अधिक विश्वासार्ह ठरतात. वलय वरखाली लहरत गेले असेल तर आपणही तसेच लहरत जायचे, आणि गाठ आली की तिच्याभोवती लाकूड किंचित उंच राखायचे. हे लाकूड आपल्याला सरळ रेषा देत नाही, ते आपली रेषा घ्यायला लावते, आणि या शिस्तीमुळेच मला त्याच्याबरोबर काम करायला आवडते. वलयाची जाडी साधारण एक-दीड मिलिमीटरच्या वर असेल तर नवख्या हातालाही ते पाळता येते. त्याहून बारीक वलयांवर पुष्कळ धीर लागतो.

पटाशी

टंकार यांचे धनुष्याविषयीचे विवेचन वाचून आनंद झाला, परंतु सगळेच ओंडके फोडावेत या सल्ल्याशी मी सहमत नाही. बांधावरची झाडे दाटीत वाढतात, वर्षानुवर्षे छाटली जातात, आणि त्यांतून सहा फूट सरळ ओंडका क्वचितच निघतो. बाकीच्या आखूड, वाकड्या, गाठाळ लाकडाचे काय? ते गिरणीत नेऊन जाड फळ्या आणि चौकोनी ठोकळे काढावेत असे मी सुचवेन. मी डॅलसजवळ राहतो, म्हणजे या झाडाच्या मूळ प्रदेशातच, आणि फर्निचरपेक्षा हत्यारे व कातकाम यांसाठी हे लाकूड वापरतो.

त्याची काही मापे सांगतो, म्हणजे अंदाज येईल. वाळलेल्या ओसेज ऑरेंजचे वजन घनमीटरला साडेआठशे किलोच्या आसपास भरते. सागवान साधारण साडेसहाशे. कठीणपणा मोजण्याची जी जान्का कसोटी आहे तिच्यात सागवान १,०७० पौंडांच्या जवळपास येते, पांढरा ओक १,३५० च्या जवळपास आणि हे लाकूड २,६०० च्या पुढे. इतके घट्ट असूनही वाळताना ते फार कमी आकसते, आणि एकदा वाळले की हवेतल्या ओलाव्याने त्याचा आकार फारसा बदलत नाही. सुतारकामात हा गुण दुर्मीळ आहे. बहुतेक घट्ट लाकडे जास्त हलतात.

त्यामुळे मोगरी, रंध्याचे बूड, खुणेची पट्टी, पटाशीची मूठ, लाकडी मेखा, लेथवर कातलेले वाडगे यांसाठी ते नामी आहे. धार मात्र दर थोड्या वेळाने लावावी लागते, आणि जेथे तंतू उलटसुलट आहेत तेथे रंध्याने लाकूड उचकटते. तेथे रंधा सोडून खरवडणीचे पाते वापरावे. स्क्रू किंवा खिळा घालण्यापूर्वी छिद्र पाडणे अनिवार्य आहे. कुंपणाच्या तारेचे खिळे वाळलेल्या खांबात ठोकू पाहणाऱ्याला याचा अनुभव येतोच, म्हणून जुने शेतकरी खांब ओला असतानाच ते ठोकत. भुशाचा त्रास काहींना होतो, तेव्हा नाकातोंडावर मुखपट्टी हवी.

रंगाविषयी स्पष्टच सांगतो. तो टिकत नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी पिवळा रंग काही महिन्यांत मधासारखा आणि पुढे गडद तपकिरी होतो. अतिनील किरण अडवणारे व्हार्निश दिल्यास हा बदल लांबतो, थांबत नाही. मी जवसाच्या तेलावर समाधानी आहे, कारण तपकिरी झालेल्या लाकडालाही आतून एक सोनेरी झाक राहते आणि ती मला नव्या पिवळ्या रंगाहून अधिक भावते.

एक खबरदारी. कॅन्ससच्या बांधांवर ब्लॅक लोकस्ट हेही झाड असते आणि त्याचे लाकूड दिसायला बरेच जवळचे आहे. शंका आल्यास थोडे ढलपे पाण्यात टाकून पाहा. ओसेज ऑरेंज पाण्याला पिवळा रंग देते, लोकस्ट देत नाही.

कृष्णाकाठ

मी कराडजवळच्या गावातून लिहितो आहे. हे झाड मी पाहिलेले नाही, पण आमच्या घरी बैलगाडीची चाके घडवण्याचे काम चालत असे, म्हणून पटाशी यांचे आकसण्याविषयीचे वाक्य वाचून थांबलो. आमच्याकडे तुंबा, आरे आणि पुठ्ठे बाभळीचे असत. उन्हाळ्यात लाकूड आकसले की चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, सैल पडते, चाक खडखडू लागते, आणि मग ते पाण्यात भिजवून ठेवावे लागते किंवा धाव काढून नव्याने चढवावी लागते. टेक्सससारख्या कोरड्या प्रदेशात गाड्यांच्या चाकांसाठी हे लाकूड वापरले जात होते का? वापरले असेल तर धाव सैल पडण्याचा प्रश्न तेथे कितपत येत असे?

पटाशी

कृष्णाकाठ, आपण नेमक्या जागी बोट ठेवलेत. टेक्ससमध्ये मालवाहू गाड्यांची चाके या लाकडाची करत आणि त्यामागे आपण सांगितलेलेच कारण होते. महिनोन्महिने कोरड्या वाटेवर चालणाऱ्या गाडीला चाक भिजवायला पाणी मिळण्याची खात्री नसे. ओक किंवा हिकरीची चाके अशा हवेत सैल पडत, आणि कमी आकसणाऱ्या ओसेज ऑरेंजवर धाव घट्ट राही. १८६६ मध्ये टेक्ससचे गुरांचे व्यावसायिक चार्ल्स गुडनाइट यांनी गुरांच्या लांबच्या खेपांसाठी स्वयंपाकाची गाडी तयार करवून घेतली, तेव्हा सैन्याची जुनी गाडी याच लाकडात नव्याने बांधून घेतली होती. टेक्ससमध्ये या झाडाला बोडार्क म्हणतात आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात ते नाव आदराने येते.

न कुजण्याचा गुणही त्यांनी पुरेपूर वापरला. उत्तर टेक्ससची काळी चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. महाराष्ट्रातल्या काळ्या जमिनीशी परिचय असणाऱ्यांना तिचे वेगळे वर्णन करायला नको. अशा जमिनीवर घरे उभी करताना पायाखाली बोडार्कचे ठोकळे पुरत, आणि डॅलसमधील कितीतरी जुनी घरे अजून त्यांवर उभी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॅलसच्या काही रस्त्यांवर फरसबंदीसारखे याच लाकडाचे ठोकळे बसवले होते. ओल्या मातीत टिकण्यामागे दोन कारणे आहेत. एक म्हणजे गाभ्यातील द्रव्ये बुरशीला वाढू देत नाहीत, आणि दुसरे म्हणजे गाभ्याच्या नलिका आतून अशा बुजलेल्या असतात की पाणी सहजी आत शिरत नाही.

शरदिनी

वनविद्या यांचे आभार. फळे आता घराबाहेर ठेवली आहेत.

पटाशी यांनी पिवळ्या पाण्याचा उल्लेख केला, त्यावर थोडी भर घालते, कारण मी लोकर आणि सुती कापड नैसर्गिक रंगांत रंगवते. कॅन्ससकर यांनी ढलपे आणि भुसा कृपया फेकू नये. या लाकडात मोरिन हे पिवळे रंगद्रव्य असते. उष्ण कटिबंधातील अमेरिकेत वाढणाऱ्या, फस्टिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच्याच भावंडाच्या लाकडातून तोच रंग पूर्वी मोठ्या प्रमाणावर काढला जाई. पहिल्या महायुद्धात रंगांचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेत सैन्याच्या खाकी कापडासाठी ओसेज ऑरेंजचा रंग वापरला गेला. फणसाच्या गाभ्यातही मोरिन आहे, आणि आग्नेय आशियातील बौद्ध भिक्षूंची वस्त्रे परंपरेने फणसाच्या लाकडाच्या रंगात रंगवली जात. म्हणजे वनविद्या म्हणतात ते नाते रंगाच्या भांड्यातही दिसते.

कृती सोपी आहे. ढलपे रात्रभर पाण्यात भिजवावेत, सकाळी मंद आचेवर तासभर उकळावेत आणि गाळून घ्यावेत. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात शिजवून घेतलेली असावी, म्हणजे रंग पक्का बसतो. तुरटीवर लख्ख सोनेरी पिवळा येतो. भांड्यात किंचित लोहक्षार घातले तर तोच रंग हिरवट शेवाळी होतो. ढलपे पहिल्या उकळीत संपत नाहीत, पुन्हा वापरावेत. रंग उन्हात बऱ्यापैकी टिकतो, तरी रंगवलेले कापड मी सावलीतच वाळवते.

कॅन्ससकर

सर्वांचे मनापासून आभार. टंकार आणि पटाशी यांच्या मतांत मला विरोध वाटला नाही. ओंडक्यागणिक निर्णय घ्यायचा, असे दोन्ही प्रतिसाद एकत्र वाचल्यावर लक्षात आले. आज सगळे ओंडके पुन्हा पाहिले. सालीवरच्या रेषा सरळ गेलेले थोडे आहेत, ते फोडून धनुष्यासाठी ठेवतो. जाड पण आखूड आहेत ते गिरणीत नेऊन मोगरी आणि हत्यारांच्या मुठींसाठी ठोकळे काढतो. टोकांना सगळीकडे मेण लावून झाले आहे. पाण्याची कसोटीही करून पाहिली. काही क्षणांत पाणी पिवळे झाले, तेव्हा झाडाविषयी शंका उरली नाही. शरदिनीताई, भुसा आणि ढलपे पोत्यात भरून ठेवतो. तुम्हाला हवे असल्यास कळवावे.

शेतमालकाशीही बोललो. जळण म्हणून हे लाकूड अमेरिकेतल्या बाकी सर्व लाकडांहून अधिक उष्णता देते, त्यामुळे त्याला ते शेगडीसाठी हवे असणे स्वाभाविक आहे. ठिणग्या फार उडत असल्याने उघड्या शेकोटीत मात्र तो कधी घालत नाही. सरळ ओंडके बाजूला काढून ठेवायला त्याने मान्यता दिली, आणि उरलेल्या रांगेतली मोठी झाडे तो सध्या तरी काढणार नाही. १९३० च्या दशकातील धुळीच्या वादळांनंतर सरकारने वारा अडवण्यासाठी प्रेअरी प्रदेशात १९४२ पर्यंत सुमारे २२ कोटी झाडे लावली. त्यांत ओसेज ऑरेंजही होते हे त्याला ठाऊक आहे, आणि आपल्या शेताची माती या बांधामुळे राहिली असे तो स्वतःच म्हणाला.

आणखी एक शंका. ज्या झाडांची खोडे जमिनीलगत कापली आहेत, ती पुन्हा फुटतील का? फुटणार असतील तर पुढच्या पिढीसाठी सरळ लाकूड मिळावे म्हणून आतापासून काय करता येईल?

वनविद्या

फुटतील, आणि जोमाने फुटतील. या झाडाच्या बुंध्यातून नवे फुटवे येण्याच्या गुणावरच खांबांचा व्यवसाय चालत असे. कापायचे, फुटवे वाढू द्यायचे आणि काही वर्षांनी पुन्हा कापायचे. पहिल्या वर्षी एका बुंध्यावर फुटव्यांची झुंबड उडेल. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांतले दोन-तीन सरळ ठेवून बाकीचे छाटावेत. कोवळ्या फुटव्यांवर बोटाच्या पेराएवढे टोकदार काटे असतात, म्हणून जाड चामड्याचे हातमोजे घालूनच हात लावावा. नवी लागवड करायची झाल्यास काट्यांचा आणि फळांचा त्रास नसलेल्या नर जाती उपलब्ध आहेत. ओक्लाहोमात सापडलेली ‘व्हाइट शील्ड’ त्यांतली एक.

टंकार

ठेवलेल्या फुटव्यांच्या बाजूच्या फांद्या बोटाएवढ्या असतानाच काढत राहिलात, तर खोडाचा खालचा सहा फुटांचा भाग गाठींविना वाढेल, आणि धनुष्याला नेमका तेवढाच लागतो. फुटवे दाट ठेवल्यास ते उजेडासाठी सरळ वर जातात, त्यामुळे पहिल्या वर्षी छाटणीची घाई करू नये असे वनविद्या सुचवतात ते योग्यच आहे.

आपल्याकडच्या ओंडक्यांबाबत एवढेच सांगतो की साल काढण्याचे काम हवा तापण्यापूर्वी उरकून घ्या. भुंगे वसंताच्या अखेरीस सालीच्या फटींत अंडी घालतात, आणि एकदा अळ्या आत शिरल्या की वरून ओंडका धडधाकट दिसत असतानाच सालीखालची वलये पोखरली जातात. कोवळे लाकूड काढून पिवळा गाभा उघडा केला आणि त्यावर थर दिला, की मग तो कितीही काळ ठेवता येतो. माझ्याकडे दहा वर्षांहून जुने तुकडे आहेत आणि ते आजही तितकेच चांगले तासले जातात.